नेटके लिहायचे तर शंभर शब्दांची कथा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांना आपण शब्दमर्यादा घालता, तरी पत्रे दुप्पट लांबीची येतात आणि कापाकापी आपल्या टेबलावर होते. मग पत्रलेखक चिडतो, 'माझा मुद्दाच उडवला' म्हणतो. बहुतेक वेळा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात दडलेला असतो आणि पहिले दोन 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' यावर खर्च झालेले असतात. यावर एक उपाय सुचवायला हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तेव्हा ते रविवारच्या पुरवणीसाठी समजावे.

आपल्याकडे थोडक्यात लिहायला शिकवतात ते सारांशलेखनातून. उताऱ्याचा एक तृतीयांश करा, असा जुना नियम. विद्यार्थी काय करतात, हे पेपर तपासणाऱ्या कोणालाही माहीत आहे. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले आणि शेवटचे वाक्य उचलायचे, मध्ये 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' टाकायचे, झाला सारांश. यात काय सांगायचे हे आधीच दुसऱ्याने ठरवलेले असते. विद्यार्थी फक्त कात्री चालवतो, तीही परक्याच्या कापडावर, त्यामुळे काही दुखत नाही. स्वतःच्या मजकुरातले आवडते वाक्य काढताना जी कुरकुर होते, ती झाल्याशिवाय हा हात बसत नाही. ती कुरकुर सगळ्यात लवकर होते शंभर शब्दांच्या कथेत.

या प्रकाराला मराठीत आता नावेही रुळली आहेत. अति लघु कथा म्हणजे 'अलक', आणि बरोबर शंभर शब्दांची ती 'शतशब्दकथा'. मोबाइलवर रोज डझनभर फिरतात. त्यातल्या बऱ्याचशा वाचवत नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितो. पण या प्रकाराचे वर्तमानपत्राशी जुने नाते आहे, हे आपल्याला सांगायला हवे. पॅरिसच्या 'ल मातँ' या दैनिकात 1906 साली फेलिक्स फेनेओं हा लेखक तीन-तीन ओळींच्या बातम्या लिहीत असे. अपघात, चोऱ्या, भांडणे, आत्महत्या. नावानिशी छापल्या जात नसलेल्या या हजाराहून अधिक बातम्या पुढे साहित्य म्हणून वाचल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावच्या 'न्यू टाइम्स' साप्ताहिकाने 1987 मध्ये 55 शब्दांच्या कथांची स्पर्धा सुरू केली आणि तो आकडा जगभर गेला. आपल्या उपखंडात फाळणीच्या दंगलींवर उर्दू कथाकार मंटोने 1948 मध्ये 'सियाह हाशिये' या संग्रहातले तुकडे लिहिले. त्यातले काही तर दोन-तीन ओळींचे आहेत. बऱ्याच तुकड्यांत मारणाऱ्याचा किंवा मरणाऱ्याचा धर्म सांगितलेलाच नाही. शब्द वाचवायला तो गाळलेला नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

बाळाचे न वापरलेले बूट विकण्याच्या जाहिरातीसारखी सहा शब्दांची कथा अमेरिकी लेखक हेमिंग्वेने पैज लावून लिहिली, ही गोष्ट मात्र प्रत्येक कार्यशाळेत सांगितली जाते आणि तिला कसलाही पुरावा नाही. तशा धर्तीच्या छोट्या जाहिराती अमेरिकी वर्तमानपत्रांत तो शाळकरी पोर असतानाच येत होत्या. शिवाय या दंतकथेने एक वाईट सवय लावली: लहान कथा म्हणजे शेवटी मेलेले कोणीतरी निघाले पाहिजे.

आता पद्धत. विषय नको, प्रसंग निवडा. 'गरिबी' हा विषय झाला. शिंप्याच्या दुकानातली पाच मिनिटे हा प्रसंग झाला. एक जागा, फार तर दहा मिनिटांचा अवधी, दोन किंवा तीन माणसे आणि हाताने धरता येईल अशी एक वस्तू. तिसऱ्या माणसानंतर शंभर शब्दांत कोणीच नीट दिसत नाही. पहिला खर्डा मोकळ्या हाताने, न थांबता, वीस मिनिटांत लिहावा. दोनशे-अडीचशे शब्द झाले तर उत्तम. आधीच शंभरावर डोळा ठेवून लिहिणाऱ्याचा मजकूर सुकलेला येतो, कारण कापायला त्याच्याकडे काही नसते. खर्डा एक रात्र बाजूला ठेवावा. त्याच दिवशी कापायला बसले की सगळीच वाक्ये आपल्याला गरजेची वाटतात.

कापणे तीन हातांत करावे. पहिल्या हातात फक्त दोन टोके बघायची. सुरुवातीची दोन-तीन वाक्ये लेखकाने स्वतः आत शिरायला लिहिलेली असतात: ऋतू, वार, 'नेहमीप्रमाणे'. ती गेली तरी वाचणाऱ्याचे काही अडत नाही. शेवटचे वाक्य बहुधा कथा समजावून सांगत असते, तेही जाते. दुसऱ्या हातात 'खूप, अगदी, अचानक, हळूच, नकळत, जणू' ही मंडळी शोधायची. 'अचानक' काढून बघा. घटना तेवढीच अचानक राहते. तिसरा हात क्रियापदांचा, आणि मराठीत खरी चरबी इथेच असते. 'प्रवेश केला' म्हणजे 'आत आला', 'विचारणा केली' म्हणजे 'विचारलं', 'रडायला सुरुवात केली' म्हणजे 'रडू लागली'. नामाला 'करणे' किंवा 'होणे' जोडून केलेले क्रियापद दिसले की मूळ क्रियापद आठवायचे.

एक उदाहरण जवळून दाखवतो. खर्ड्याची सुरुवात अशी:

'जून महिना नुकताच सुरू झाला होता. शाळा उघडायला अवघे चार दिवस राहिले होते. एक गरीब बाई आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात आली. तिने पिशवीतून मुलीचा जुना, विटलेला शाळेचा निळा स्कर्ट काढून शिंप्याच्या हातात दिला आणि तो थोडा लांब करून देण्याची विनंती केली. शिंप्याने स्कर्टची कड नीट निरखून पाहिली. तीन वर्षे तोच स्कर्ट उसवून उसवून लांब केल्यामुळे आता त्यात अजिबात माया शिल्लक राहिली नव्हती.'

हे झाले 65 शब्द, आणि अजून कोणी तोंड उघडलेले नाही. खर्ड्याचा शेवट होता: 'गरिबीतही माणुसकी जिवंत असते हेच खरं. आईच्या डोळ्यांत नकळत पाणी तरळलं.' शंभरावर थांबून मग त्याच कथेची पन्नास केली, तेव्हा उरले ते असे. शीर्षक 'माया': प्रेम, आणि शिवणीत दुमडून राखलेले जादा कापडही.

'यंदा उसवायला काही उरलं नाही, वहिनी.' शिंप्याने स्कर्टची कड उलटून दाखवली. कापडावर जुन्या दुमडींच्या तीन रेघा.
'बघा ना, बोटभर तरी.'
'मागच्या वर्षीच संपली माया.'
मुलीने स्कर्ट ओढून घेतला. 'मी कमरेखाली घालते. कळत नाही.'
शिंप्याने टेप गळ्यात अडकवली, फडताळातून निळं कापड काढलं.
'माप दे. पैसे दिवाळीत.'
'माया ठेवा जरा,' आई म्हणाली.

खर्ड्यातले 65 शब्द इथे पहिल्या 16 शब्दांत आले. 'गरीब' गेले, कारण तीन रेघा आहेत. 'शाळा' हा शब्दच कुठे नाही. निळ्या कापडाने आणि 'यंदा'ने ते काम केले. 'वहिनी' या एका शब्दाने शिंप्याची ओळख जुनी असल्याचे कळते, नाहीतर 'गल्लीतल्या, वर्षानुवर्षे ओळखीच्या' असे तीन शब्द लागले असते. 'माप दे' मधला 'दे' पाहा. आईशी तो आदराने बोलतो, म्हणजे या वाक्याला तो मुलीकडे वळला. 'शिंपी मुलीकडे वळून म्हणाला' हे लिहावे लागले नाही. एकवचनी आज्ञार्थाने मान वळवली.

ही सोय आपल्या भाषेत पुष्कळ आहे आणि आपण ती वापरत नाही. मराठी क्रियापदच लिंग आणि वचन सांगते. 'आली. बसली. बोलली नाही.' यात 'ती' कुठेच नसून ती दिसते. अहो, अगं, अरे, वन्सं, भाऊजी, सूनबाई, मामंजी: संवादाच्या सुरुवातीला यांपैकी एक आले की कोण कोणाचे ते पुन्हा सांगायला नको. आणि अव्यये! वरच्या कथेतला 'वर्षीच' मधला 'च' काढून वाचा. 'मागच्या वर्षी संपली माया' ही नुसती माहिती होते. 'च' असताना शिंपी मागच्या वर्षीही ओढूनताणून निभावून नेले होते, हे सांगतो. एका अक्षराला एवढे काम करू द्यायला हवे. 'ही', 'तर', 'ना', 'की' यांचेही तसेच. कापताना लोक सगळ्यात आधी हीच चिटुकली उडवतात आणि लांब विशेषणे ठेवतात. उलटे करायला हवे.

संयुक्त क्रियापदांचीही तीच गत. 'पत्र फाडलं' आणि 'पत्र फाडून टाकलं' यांत एका शब्दाचा फरक आहे, पण 'टाकलं'मध्ये सुटका आहे, राग आहे. 'पुस्तक वाचलं' आणि 'पुस्तक वाचून काढलं' एक नव्हे. इथे शब्द वाचवणे म्हणजे कंजूषपणा. 'तो बोलत होता' ऐवजी 'तो बोलला' केले तर काळच बदलतो. तेव्हा क्रियापदाला हात लावताना प्रत्येक वेळी वाक्य मोठ्याने वाचावे. डोळा फसतो, कान सहसा फसत नाही.

'ऊन' प्रत्ययाने दोन वाक्यांचे एक होते हे खरे, पण तिथे खड्डा आहे. 'तो घरी आला. त्याने चपला काढल्या' याचे 'घरी येऊन त्याने चपला काढल्या' ठीक. 'घरी येऊन फोन वाजला' यात मात्र फोन घरी येतो. दोन्ही क्रियांचा कर्ता एक नसेल तर 'घरी पोचताच फोन वाजला' असे काही करावे लागते. नवशिक्यांच्या निम्म्या कथांत हा फोन चालत येतो.

सर्वनामांचा घोळ तर ठरलेला. दोन पुरुष असले की 'त्याने त्याला सांगितलं की तो येणार नाही' याचे निदान दोन अर्थ निघतात. नावे परत परत घातली तर शब्द जातात. साधा उपाय: एकाला नात्याने किंवा धंद्याने ओळखवा (मामा, शिंपी, कंडक्टर) आणि दुसऱ्याला सर्वनाम द्या. किंवा दुसरे पात्र बाई करा. मग क्रियापदच वाटणी करून देते.

शंभर म्हणजे बरोबर शंभर, याबद्दल ढिलाई नको. एकशे सात आणि शंभर यांत वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण लिहिणाऱ्याचे शिकणे त्या सातात असते. पहिले पन्नास शब्द आपोआप गळतात. शेवटचे सात काढताना दोन बऱ्या वाक्यांपैकी एक निवडावे लागते. मोजणीचे नियम आधी ठरवून घ्यावेत. संगणक दोन मोकळ्या जागांमधले सगळे एक शब्द धरतो. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचे असते, म्हणून 'घरासमोर' एक शब्द. 'घरा समोर' असे तोडून लिहिणाऱ्याचा शब्द वाया जातो आणि शुद्धलेखनही चुकते. उलट 'घेऊनआला', 'करतहोता' असे चिकटवून आकडा गाठणारे महाभागही असतात. आकडा हा एक शब्द. शीर्षक वेगळे, तीन शब्दांपर्यंत. शीर्षकाला फुकटची जागा समजू नये. तिथे स्थळ, काळ किंवा वर दिसते तसा दुहेरी अर्थाचा शब्द बसवता येतो. फक्त शेवट तिथे फोडायचा नाही.

जास्त कापले गेले, हे कसे ओळखायचे? कथा तीन जणांना द्यावी आणि 'काय झालं?' एवढेच विचारावे. आपण तोंड उघडायचे नाही. दोघांना सांगता आले नाही तर एखादे वाक्य परत घालावे. हे न करणाऱ्यांच्या कथा तारेसारख्या होतात. 2013 च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली. तिथे शब्दागणिक पैसे पडत, म्हणून 'होता', 'आहे', विभक्ती सगळे गाळून मजकूर पाठवत. 'आई आजारी लगेच निघ' हे तारेत चालत असे. कथेत असे वाचले की वाचणारा गाळलेले शब्द मनात भरत बसतो आणि प्रसंगातून बाहेर पडतो. बातमीच्या मथळ्याची भाषा ('मुलगी गेली, आई गप्प') हाही त्यातलाच प्रकार. व्याकरण पूर्ण ठेवून माहिती गाळायची. व्याकरण गाळून माहिती ठेवली की फसले.

आता मोबाइलवरच्या अलकांबद्दल. वृद्धाश्रमात सोडलेली आई, हुतात्मा जवानाच्या खिशात वाजणारा फोन, शेवटच्या ओळीत 'ती तर दोन वर्षांपूर्वीच गेली होती', आणि स्वप्नातून जागे होणे. हे चार साचे महिनाभर वर्ज्य करावेत. यांत लेखक शेवटच्या ओळीसाठी आधीच्या नव्वद शब्दांत वाचणाऱ्यापासून काहीतरी लपवत असतो. असली कथा दुसऱ्यांदा वाचवत नाही. टिंबांच्या रांगाही तशाच. '…' आले की समजावे, लेखकाला तिथे शब्द सापडलेला नाही. उद्गारचिन्ह शंभर शब्दांत एकही लागू नये.

सराव आठवड्याला एका कथेचा पुरे. एकच कथा दोनशेवरून शंभर, शंभरावरून पन्नास अशी उतरवली तर तीन नव्या कथांपेक्षा जास्त शिकायला मिळते. मग खर्डा झाकून पन्नासाची पुन्हा शंभर करावी. परत आलेली वाक्ये बहुधा खर्ड्यातल्यापेक्षा बरी असतात, कारण काय हवे होते ते एव्हाना कळलेले असते. सहा आठवडे हे केले की इतर लिखाणात फरक दिसू लागतो.

कुठे दिसतो, तर अगदी जिन्याखालच्या फलकावर. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने मंगळवार रोजी सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, तरी सर्व सभासदांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे ही विनंती.' शब्द 38. कथेचा हात बसलेला माणूस लिहील: 'मंगळवारी टाकी धुणार. सकाळी 10 ते दुपारी 4 पाणी नाही. सोमवारी रात्रीच भरून ठेवा.' शब्द 14. यात लांब नोटिशीत नसलेली एक गोष्ट आहे. 38 शब्द खर्चूनही 'पाणी भरून ठेवा' हे सांगायचे राहूनच गेले होते. 'करण्यात येत आहे' या वळणात करणारा माणूस दिसत नाही, आणि तो दिसला नाही की वाचणाऱ्याने काय करायचे तेही सुचत नाही. कथेत पात्राला काहीतरी करावेच लागते. ती सवय इथे उपयोगी पडते.

शाळांसाठीही हे सोयीचे आहे. दहावीच्या उपयोजित लेखनात कथालेखन आहेच. चाळीस मुलांच्या वर्गात निबंध तपासायला शिक्षकांचा आठवडा जातो. शंभर शब्दांच्या चाळीस कथा एका बैठकीत होतात. एका तासिकेला खर्डा, दुसऱ्या दिवशी वह्यांची अदलाबदल. मित्राच्या खर्ड्यातले दहा शब्द पेन्सिलीने खोडायचे आणि प्रत्येकाचे कारण बाजूला एका शब्दात लिहायचे: 'दिसतंय', 'दोनदा', 'समजावलं'. मुले दुसऱ्याच्या वहीत फार कडक होतात. हरकत नाही, वही परत आपल्याच हातात येणार असते. मुलांनी शब्द मोजण्यात तास घालवू नये म्हणून एका ओळीत पाच शब्द, अशा वीस ओळी आखून द्याव्यात.

आपल्याला एवढीच विनंती, की रविवारच्या पुरवणीत शतशब्दकथेला एक चौकोन द्यावा, आणि कथेशेजारी तिचा पहिला खर्डाही छापावा, खोडलेल्या शब्दांवर रेघ तशीच ठेवून. नुसती तयार कथा छापली तर वाचक 'छान' म्हणून पान उलटतील. खोडलेले दिसले तर काय गेले आणि का गेले, हे कोणी न सांगता कळेल. कथा मागवताना खर्डा सोबत हवाच, अशी अट घाला. त्याने दुसरीकडून उचललेल्या कथाही आपोआप गाळल्या जातील, कारण उचललेल्याला खर्डा नसतो.

जागेअभावी हे पत्र कापावे लागले तर फ्रान्स-अमेरिकेचा परिच्छेद आधी काढावा. हेमिंग्वेचाही गेला तरी चालेल. शिंप्याचा खर्डा आणि त्याखालची कथा तेवढी शेजारीशेजारी राहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा